उशीच्या अभ्र्यातल्या सीडी : एका सीटी स्कॅनची पूर्ण हकिकत

दसऱ्यानंतरचा आठवडा, २०२५. सोयाबीनची काढणी जोरात आणि ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. सकाळी साडेनऊला ५२ वर्षांच्या एक मावशी पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून आल्या. उजव्या कुशीत पाच दिवसांपासून कळा, दोन दिवसांपासून उलट्या, ताप नाही. आठ वर्षांचा मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती. ‘सीटी स्कॅन, पूर्ण पोट, कॉन्ट्रास्टसह’ एवढंच तिच्यावर लिहिलेलं. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

असे रुग्ण आमच्याकडे रोज येतात. तरी हेच प्रकरण लिहायला घेतलं, कारण स्कॅनला येणाऱ्या माणसाला आधी कुणीतरी सांगायला हवं असं बहुतेक सगळं या एका दिवसात समोर आलं. त्यातलं निम्मं मशीन सुरू होण्याआधीच घडलं.

चिठ्ठीत प्रश्न नव्हता

सीटी म्हणजे गोल फिरणारा एक्स-रे. नळी आपल्याभोवती फिरते, समोरचे संवेदक किरण मोजतात आणि संगणक त्यातून शरीराचे काप उभे करतो. पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा असा स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये निघाला. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना या कामासाठी १९७९ चं नोबेल मिळालं. तेव्हापासून मशीन प्रचंड वेगवान झालं, पण एक गोष्ट तशीच राहिली : कोणता प्रश्न विचारता, त्यावर स्कॅन कसा काढायचा ते ठरतं. कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते ‘डाय’) द्यायचं की नाही, किती भाग घ्यायचा, किरणांची मात्रा किती, पालथं झोपवायचं का, हे सगळं त्या प्रश्नावर अवलंबून. चिठ्ठीवर नुसतं ‘पूर्ण पोट’ असेल, तर आम्ही अंदाजाने काम करतो.

मी मावशींना विचारलं, “कशासाठी सांगितलाय स्कॅन?” त्या पुतण्याकडे बघू लागल्या. तो म्हणाला, “मॅडम, आत काय आहे ते सगळं कळू द्या. डाय देऊनच करा, नंतर परत भानगड नको.”

बोलता बोलता कळलं, की पाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या शहरात एक सीटी झाला होता. तेव्हाही अशाच कळा होत्या. उजव्या मूत्रवाहिनीच्या (किडनीतून पिशवीत लघवी नेणाऱ्या नळीच्या) वरच्या भागात ६ मिमीचा खडा निघाला, औषधं दिली, कळ थांबली आणि त्या शेतावर गेल्या. ही गोष्ट चिठ्ठीत नव्हती, कारण चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना कुणी सांगितलीच नव्हती. रिपोर्ट पुतण्याच्या मोबाइलमध्ये होता. सीडी आणि फिल्म घरी.

मी त्या डॉक्टरांना फोन केला. दोन मिनिटांत प्रश्न स्पष्ट झाला : तो खडा आता कुठे आहे, त्याने लघवी अडवली आहे का? एवढाच.

रुग्णांनी ही दोन मिनिटं मागून घ्यावीत असं मला मनापासून वाटतं. चिठ्ठी हातात घेताना “डॉक्टर, यातून नेमकं काय कळायचंय?” आणि “सोनोग्राफीवर भागेल का?” हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. आमच्याकडे अजून माणसं हे विचारायला कचरतात, विशेषतः बायका. एक सीटी झालेला आहे, हे सांगायलाही कचरतात. डॉक्टर रागावतील, दुसरीकडे गेलात म्हणून, ही भीती. ती भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही, पण तिच्यापायी दुसरा स्कॅन करून घेऊ नये.

सोनोग्राफी मी लगेच केली. उजव्या किडनीला सूज होती, पण खडा दिसेना. मधल्या मूत्रवाहिनीवर आतड्यातला वारा, आणि खालचं टोक बघायला लघवीची पिशवी भरलेली लागते, ती रिकामी. उलट्या होणाऱ्या बाईला तासाभरात लिटरभर पाणी पाजणं शक्य नव्हतं. म्हणजे सीटी खरोखर लागणारच होता. कसा, एवढंच ठरायचं होतं.

खडा पांढरा, औषधही पांढरं

पुतण्याचा आग्रह डायसाठी होता. ‘डाय’ म्हणजे आयोडीन असलेलं द्रावण, ते शिरेतून सोडतात. गाठ, पू, रक्तवाहिन्यांतला अडथळा, आतला रक्तस्राव शोधताना ते अमूल्य आहे. त्याच्याशिवाय काढलेला स्कॅन अशा वेळी अर्धवट ठरतो. मुतखड्याचं उलट आहे. खडा सीटीवर पांढराशुभ्र दिसतो. डाय किडनीतून लघवीत उतरतं, तेही पांढरंशुभ्र. पांढऱ्यात पांढरा खडा लपतो. म्हणून खड्यासाठी साधा, विनाकॉन्ट्रास्ट सीटीच सर्वांत भरवशाचा. ‘कॉन्ट्रास्टचा स्कॅन म्हणजे मोठा, साधा म्हणजे अर्धा’ हा समज खूप पसरला आहे, आणि तो खर्चिकही आहे.

मावशींच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. चिठ्ठीवर कॉन्ट्रास्ट लिहिलेलं असल्यामुळे आमच्या टेबलावर आधीच रक्त घेतलं होतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, १.९ आलं. सहा महिन्यांपूर्वीच्या मधुमेहाच्या तपासणीत ते ०.९ होतं. त्यांच्या वयाला १.९ म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, ज्याला ईजीएफआर म्हणतात, ती ३१ च्या आसपास. एका बाजूच्या खड्याने, दुसरी किडनी चांगली असताना, क्रिएटिनिन सहसा एवढं चढत नाही. विचारलं तेव्हा कारण निघालं : कळ उठली की दुखण्याची गोळी, दिवसाला तीन-तीन. शेजारच्या दुकानातून आणलेलं डायक्लोफेनॅक. वर उलट्या, वर ऊन, पोटात पाणी नाही.

“गोळीनं किडनीला काय होतंय मॅडम? ती तर दुखण्याची हाय,” मावशी म्हणाल्या. शरीरात पाणी कमी असताना याच गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मेटफॉर्मिनबद्दलही गोंधळ असतो, म्हणून नीट लिहिते. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही आणि डायशी त्याचं थेट भांडण नाही. अडचण अशी, की किडनी अचानक मंदावली तर मेटफॉर्मिन अंगात साठतं आणि क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक वाढतं. ज्यांचा ईजीएफआर ३० च्या वर आणि स्थिर आहे, त्यांनी शिरेतल्या कॉन्ट्रास्टसाठी गोळी बंद करण्याची गरज नाही, असं आजचं अमेरिकी रेडिओलॉजी मार्गदर्शन सांगतं. ३० च्या खाली किंवा किडनीला नुकताच धक्का बसला असेल, तर गोळी थांबवून ४८ तासांनी किडनी पुन्हा तपासूनच ती चालू करतात. मावशींचा आकडा ३१ होता, पण तो चढता आजार होता, स्थिर नव्हता. त्यांच्या डॉक्टरांनी फोनवरच मेटफॉर्मिन आणि डायक्लोफेनॅक दोन्ही थांबवायला सांगितलं. तुमच्या केंद्राने वेगळं सांगितलं तर वाद घालू नका, पण मनाने गोळी बंदही करू नका. साखर वाढवून घेऊन स्कॅनला येणारे मी पाहिलेत.

एक चूक आमचीही होती. आदल्या संध्याकाळी फोनवर आमच्या माणसाने ठरलेलं वाक्य सांगितलं होतं : “रात्री बारानंतर काही खाऊ-पिऊ नका.” त्या बाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की रात्रीपासून घोटभर पाणीही घेतलं नव्हतं. साध्या सीटीला उपाशी राहावं लागत नाही. कॉन्ट्रास्ट असेल तर केंद्रं काही तास जेवण टाळायला सांगतात, पण पाणी तोडण्याची गरज जवळजवळ कधीच नसते. आधीच सुकलेल्या किडनीला आम्ही आणखी नऊ तास कोरडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते वाक्य बदललं : “पाणी प्या, औषधं कोणती चालू आहेत ते सांगा, जुने स्कॅन घेऊन या.”

आणि समजा कॉन्ट्रास्ट लागलंच असतं तर? मग आधी मी विचारलं असतं, की पूर्वी कधी डायचा त्रास झाला होता का, दमा आहे का, कुठली मोठी अ‍ॅलर्जी आहे का. मासे किंवा कोळंबी सोसत नाही, बिटाडिन लावल्यावर पुरळ येतं, यांचा आयोडीनच्या डायशी खास संबंध नाही. कोकणातून, गोव्यातून येणारी माणसं हे हमखास सांगतात आणि कधी कधी त्या भीतीने गरजेचा स्कॅन टाळला जातो. डाय सोडताना अंगभर गरम लाट येते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. खरी होत नाही, आणि मिनिटभरात सगळं ओसरतं. बायका याने फार ओशाळतात, म्हणून हे आधी सांगावं लागतं. खरी गंभीर प्रतिक्रिया हल्लीच्या डायने दर १०,००० मध्ये साधारण ४ जणांना येते. ती बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात येते, म्हणूनच स्कॅननंतर थांबवून ठेवतात. तेव्हा “आमची एसटी आहे” म्हणून निघून जाऊ नका. सुई टोचलेल्या जागी आग झाली, फुगलं, तर लगेच ओरडून सांगा, आतून आवाज ऐकू येतो. अंगावर पाजणाऱ्या आईने डायनंतर दूध काढून फेकण्याची गरज नाही. आणि अर्धांगवायूचा झटका किंवा अपघात असेल, जिथे मिनिटं मोजायची असतात, तिथे क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी डॉक्टर थांबत नाहीत. ते बरोबरच आहे.

मंगळसूत्र आणि बोगदा

मावशी खोलीच्या दारातच अडल्या. त्यांना बोगद्यात जायचं नव्हतं. नणंदेला एमआरआयमध्ये घातलं होतं, तिचा जीव घाबरला होता. मी त्यांना मशीन दाखवलं. सीटीचं कडं दोन्ही बाजूंनी उघडं, एखाद्या मोठ्या जात्याच्या पाळीसारखं. आवाज पंख्याइतका, प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचा. दोनदा श्वास धरायचा, बस.

मग मंगळसूत्र. कुणीतरी काढायला सांगितलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरला होता. सीटीत चुंबक नसतो. धातू ओढला जात नाही, फक्त ज्या भागाचा स्कॅन आहे तिथे चित्रावर रेघा येतात. पोटाच्या स्कॅनला मंगळसूत्र वर सरकवून ठेवलं की झालं. जोडव्यांना तर हातही लावायला नको. कमरेचा चांदीचा करदोडा आणि साडीची पिन मात्र काढली. एमआरआयचे नियम वेगळे आणि कडक असतात, ते इथे लावून माणसाला विनाकारण दुखवू नये.

पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे गरोदरपणाचा प्रश्न नव्हता. पण ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी तारीख चुकली असेल तर मशीनवर झोपण्याआधी सांगायचंच, मग सोबत सासू असो की दीर. आमच्याकडची महिला तंत्रज्ञ हे आत, एकटीला विचारते. पुतण्याला आत थांबायचं होतं, त्याला बाहेर पाठवलं. रुग्णाला धरूनच ठेवावं लागणार असेल तर नातेवाइकाला शिशाचा एप्रन देऊन आत घेतो, एरवी नाही.

तो बाहेर जाता जाता दबक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, घरी चार महिन्यांचं लेकरू आहे. काकूंना दोन दिवस लांब ठेवायचं का?” हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. एक्स-रे अंगात उरत नाहीत. दिवा मालवला की खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच. काकूंनी घरी जाऊन लेकराला मांडीवर घ्यावं.

स्कॅन कमी मात्रेचा ठेवला. मावशी अंगाने बारीक होत्या, त्यामुळे चित्र स्पष्ट येणार होतं. फार स्थूल माणसांत कमी मात्रेत लहान खडा निसटू शकतो. खडा मूत्रवाहिनीच्या अगदी शेवटी, पिशवीच्या तोंडाशी दिसला. तो तोंडातच अडकलाय की पिशवीत पडलाय, हे उताणं झोपून कळत नाही. म्हणून त्यांना पालथं करून फक्त तेवढ्याच भागाचे चार काप पुन्हा घेतले. पिशवीत पडलेला खडा घरंगळून खाली जातो, अडकलेला जागेवर राहतो. हा जागेवर होता. सहा मिलिमीटर, पाच आठवड्यांत वरून खाली आलेला, शेवटच्या उंबऱ्यावर थांबलेला.

फुप्फुसातला ठिपका

पोटाच्या स्कॅनमध्ये फुप्फुसाचा तळ येतोच. तिथे उजवीकडे ४ मिमीचा एक ठिपका होता.

सीटीची ही बाजू रुग्णांना कुणी आधी सांगत नाही. शोधायला गेलो एक आणि सोबत दुसरंच दिसतं : किडनीवर पाण्याची गाठ, यकृतात ठिपका, फुप्फुसात दाणा. यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं. पण रिपोर्टमध्ये ‘गाठ’ हा शब्द उमटला की घरात चूल पेटत नाही. पुतण्याने माझ्या पडद्यावर ते पाहिलं आणि विचारलं, “कॅन्सर आहे का?”

६ मिमीच्या आतला एकटा घट्ट ठिपका, धूम्रपान नसलेल्या व्यक्तीत, सहसा पुढे तपासतही नाहीत. छातीच्या स्कॅनवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या फ्लाइश्नर सोसायटीचं मार्गदर्शन तसंच आहे. मावशी विडी ओढत नव्हत्या. पण वीसेक वर्षं चुलीपुढे धुरात बसल्या होत्या आणि कधीकाळी घरात क्षयाचा रुग्ण होता. मला नुसत्या नियमावर त्यांना घरी पाठवायचं नव्हतं, आणि छातीचा आणखी एक सीटीही करायचा नव्हता. मी विचारलं, “जुना कुठलाच स्कॅन नाही का?”

“करोनात काढला होता की,” मावशी म्हणाल्या.

२०२१ चा एप्रिल. तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी एकच प्रश्न होता, “स्कोर किती आला?” फुप्फुसाच्या पाच पाळ्या, प्रत्येकीला पाचपैकी गुण, बेरीज पंचवीसपैकी. साधा ताप असलेली, ऑक्सिजन ९८ असलेली माणसंसुद्धा रांगेत उभी. सप्टेंबर २०२० मध्येच राज्य सरकारला छातीच्या एचआरसीटीचे (बारीक कापांच्या सीटीचे) दर मशीनच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपयांवर बांधावे लागले होते. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० छातीचे एक्स-रे असं सांगितलं, आणि भारतीय रेडिओलॉजी संघटनेने उत्तर दिलं, की आताच्या अतिकमी मात्रेच्या सीटीत ते प्रमाण ५ ते १० एक्स-रेइतकं खाली येतं. लोक गोंधळले. खरं म्हणजे मशीन, मात्रा आणि कोणता एक्स-रे मोजमापाला धरता यावर हे गुणोत्तर कुठेही जाऊ शकतं. म्हणून मी एक्स-रेच्या भाषेत बोलतच नाही.

मावशींचा मुलगा वीस किलोमीटरवरून निघाला. दुपारी एकला तो उशीच्या अभ्र्यात सगळं घालून आला : घडी पडलेल्या फिल्म, लग्नपत्रिकेच्या पाकिटात जपलेली एक सीडी, पाच आठवड्यांपूर्वीची दुसरी. लग्नपत्रिकेतली सीडी चालेल की नाही, याची मला धास्ती होती. चालली.

तोच ठिपका. त्याच जागी, तेवढाच, ४ मिमी. साडेचार वर्षं. घट्ट ठिपका दोन वर्षं वाढला नाही तर तो बहुधा जुना व्रण असतो, आणि इथे दुपटीहून जास्त काळ गेला होता. पाच आठवड्यांपूर्वीच्या स्कॅनमध्येही तो होता, रिपोर्टमध्ये नोंदला नव्हता. मी रिपोर्टमध्ये तिन्ही तारखा लिहिल्या आणि पुढे लिहिलं : बदल नाही, या ठिपक्यासाठी पुढील तपासणीची गरज नाही. २०२१ मध्ये तो एचआरसीटी काढायला हवा होता की नाही, मला शंका आहे. त्या घराने सीडी जपून ठेवली, याबद्दल शंका नाही.

दोन पानं, दोन आकडे

सीटीच्या सीडीत बहुतेक वेळा शेवटी एक मात्रेचं पान असतं. ते फिल्मवर छापत नाहीत, पण सीडीत असतं आणि मागता येतं. त्यावर डीएलपी नावाचा, पूर्ण स्कॅनमधल्या किरणांचा आकडा असतो. प्रौढाच्या पोटाच्या स्कॅनला त्याला ०.०१५ ने गुणलं की शरीराला बसलेली मात्रा अंदाजे मिलिसिव्हर्ट या एककात मिळते. पाच आठवड्यांपूर्वीचा स्कॅन आधी साधा आणि मग कॉन्ट्रास्टसह, असा दोनदा घेतला होता : १,१५०, म्हणजे सुमारे १७ मिलिसिव्हर्ट. आमचा २१०, म्हणजे तीनाच्या थोडं वर. आपण जमिनीतून, हवेतून, अन्नातून वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट घेतच असतो.

१७ हा आकडा मावशींना सांगताना मी घाई केली नाही. १० मिलिसिव्हर्टला जन्मभरात कर्करोगाने मृत्यूची शक्यता साधारण २,००० मध्ये १ ने वाढू शकते, असा अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचा ढोबळ हिशेब आहे. लहान धोका आहे, गरजेच्या स्कॅनपुढे तर फारच लहान. पण पहिला स्कॅन दोनदा का घेतला, याचं कारण रिपोर्टमध्ये कुठेच नव्हतं. असेल तर लिहायला हवं होतं. चाळिशीच्या आतल्या, वारंवार खडा होणाऱ्या माणसांचे, आणि मुलांचे तर नक्कीच, असे आकडे साचत जातात. मुलाच्या स्कॅनला “मात्रा वजनाप्रमाणे ठेवली आहे ना?” एवढं विचाराच. केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तोही बघायला मागता येतो.

मावशींना दोन दिवस सलाइन दिलं. मूत्रविकारतज्ज्ञांनी ताप येतो का यावर लक्ष ठेवून खड्याला वेळ द्यायचं ठरवलं. नवव्या दिवशी चहाच्या जुन्या गाळणीत तो पडला. त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून आणला, तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट निघाला. क्रिएटिनिन ०.९ वर परत आलं, मेटफॉर्मिन पुन्हा सुरू झालं.

महिन्याने त्या सोनोग्राफीला आल्या, पोटभर पाणी पिऊन, पिशवी भरून, अवघडून बसलेल्या. सूज उतरली होती. सीटी पुन्हा करायचा का, पुतण्याने विचारलं. नाही करायचा. खांद्याला तोच अभ्रा होता. तिसरी सीडीही त्यात गेली होती, आणि तिन्ही सीडींवर मुलाने पेनाने तारखा टाकल्या होत्या.